कुमुदिनीच्या पानाखालची अळी

तळ्यातल्या कुमुदिनीच्या तरंगत्या पानातून कधी कधी लंबगोल तुकडा नाहीसा झालेला दिसतो. गोगलगायीने किंवा भुंग्याने खाल्लेल्या पानाच्या कडा वेड्यावाकड्या असतात. इथे मात्र कात्रीने बेतून कापावे तशी रेघ दिसते. हे काम एलोफिला निम्फिएटा या पतंगाच्या अळीचे आहे. लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेला हा पतंग युरोपातील तळ्यांवर आणि संथ कालव्यांवर सर्रास आढळतो. त्याच्या तपकिरी-पांढऱ्या नक्षीदार पंखांपेक्षा त्याचे बालपण मला कितीतरी अधिक विलक्षण वाटते, कारण ते पाण्यात जाते.

पतंग आणि फुलपाखरांच्या १,६०,००० हून अधिक ज्ञात जातींपैकी बहुतेक सर्वांच्या अळ्या जमिनीवर वाढतात. अळीला फुप्फुसे नसतात. शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बारीक श्वासरंध्रांतून हवा आत शिरते आणि श्वासनलिकांच्या जाळ्यातून सर्वत्र पोहोचते. अशी अळी पाण्यात राहणार असेल, तर श्वासाची काही वेगळी सोय करणे भाग असते. एलोफिलाची अळी ती आयुष्यात दोनदा, दोन निरनिराळ्या प्रकारांनी करते.

अंड्यातून बाहेर पडलेली इवलीशी अळी पानाच्या तुकड्याखाली आसरा घेते. त्या आसऱ्यात पाणी भरलेले असते, तिची त्वचा ओली होते आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन थेट त्वचेतूनच शरीरात झिरपतो. देह लहान असेपर्यंत एवढे पुरते. पुढे काही वेळा कात टाकल्यावर मात्र तिची त्वचा पार बदलते: तिच्यावर असंख्य सूक्ष्म उंचवटे येतात आणि पाणी तिला चिकटेनासे होते. आता ती पानाचे दोन लंबगोल तुकडे एकमेकांवर ठेवून कडा रेशमाने जोडते आणि मधल्या पोकळीत हवा साठवते. खाण्यासाठी डोके आणि पुढचे पाय तेवढे बाहेर काढायचे, बाकीचे अंग आत कोरडे ठेवायचे, आणि हे घर ओढत पानाखालून फिरायचे, असा तिचा दिनक्रम असतो. अंग वाढून घर अपुरे पडले की ती नवे, मोठे तुकडे कापते.

याच उपकुळातील पॅरापॉयनॅक्स स्ट्रॅटिओटाटाच्या अळीने निराळी वाट धरली आहे. तिच्या अंगावर फांद्यांसारखे फुटलेले कल्ले असतात आणि शरीराला हेलकावे देऊन ती त्यांच्यावरून पाणी खेळते ठेवते, त्यामुळे तिला हवेच्या साठ्याची गरज भासत नाही. अ‍ॅसेंट्रिया एफेमेरेला तर याहूनही पुढे गेली आहे: तिच्या बहुतेक माद्यांचे पंख खुरटलेले असतात आणि प्रौढ झाल्यावरही त्या पाण्यातच राहतात.

एलोफिला मात्र शेवटी पाणी सोडते. पूर्ण वाढलेली अळी पाणवनस्पतीच्या देठाला रेशमी कोश चिकटवते. त्यातून निघालेला पतंग संध्याकाळी तळ्यावरून उडू लागतो, आणि मादी एखाद्या तरंगत्या पानाच्या कडेवर बसून, पोटाचे टोक खाली वाकवून पानाच्या ओल्या बाजूला अंडी चिकटवते.