गोल्फ कार्ट : सुरू करणे आणि चालवणे

गोल्फच्या मैदानावर दोन खेळाडूंना आणि त्यांच्या स्टिकच्या पिशव्यांना वाहून नेण्यासाठी बनवलेली, दारे नसलेली, कमी वेगाची चारचाकी गाडी. मैदानाबाहेर तिला बग्गी किंवा नुसतेच ‘बॅटरीवाली गाडी’ म्हणतात. बहुतेक मराठी माणसांची तिच्याशी गाठ पडते ती मोठ्या रेल्वे स्थानकाच्या फलाटावर, पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात किंवा आग्र्याला ताजमहालाच्या वाटेवर. गोल्फशी त्या गाडीचा संबंध तेव्हा फक्त नावापुरता उरलेला असतो.

ज्याला मोटार येते त्याला कार्ट चालवायला फारसे शिकावे लागत नाही. उलट एक सवय विसरावी लागते. गाडी सुरू झाली हे आपण आवाजावरून ओळखतो. कार्ट काहीच सांगत नाही. चावी फिरवली की विजेवरच्या कार्टमध्ये फार तर एखादा दिवा लागतो. पुढचे सारे अॅक्सिलरेटरवर पाय पडला की घडते : सीटखालून ‘खट्’ असा आवाज येतो, मोटरला वीज मिळते आणि गाडी निघते. पेट्रोलच्या कार्टमध्येही बहुधा हीच पद्धत असते. तिथे पेडल दाबले की इंजिन सुरू होते, सोडले की बंद पडते. नवखा माणूस इंजिन बंद पडले म्हणून पुन्हा पुन्हा चावी फिरवत बसतो, ते याचमुळे.

क्लच नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत. दिशा ठरवणारा एक खटका मात्र असतो : पुढे, न्यूट्रल, मागे. काही कार्टमध्ये हे काम चावीकडेच दिलेले असते. दिशा बदलायची ती गाडी पूर्ण थांबल्यावरच. रिव्हर्स टाकला की बझर वाजू लागतो, पण तो मागच्या लोकांसाठी असतो. चालकाने मान वळवून बघायचे ते बघायचेच. ब्रेकच्या पेडलच्या वरच्या भागावर पार्किंग ब्रेकची पट्टी असते. ती पायाने दाबली की ब्रेक अडकतो, आणि बहुतेक कार्टमध्ये अॅक्सिलरेटर दाबताच आपोआप सुटतो. सोय चांगली आहे, पण त्यातच धोका आहे. चावी चालू, खटका ‘पुढे’वर आणि सीटवर एकटे मूल, एवढे पुरते. उतरताना म्हणून क्रम ठरलेला असावा : पार्किंग ब्रेक, न्यूट्रल, चावी बंद, आणि चावी खिशात.

वेग साधारण ताशी २० ते २४ किलोमीटर, म्हणजे सायकलस्वाराएवढा. यामुळेच माणूस गाफील राहतो. पुष्कळ कार्टना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ओल्या उतारावर जोरात दाबले तर मागची बाजू घसरून गाडी आडवी होऊ शकते. उतार लागण्याआधीच वेग कमी करावा आणि गाडी सरळ ठेवून उतरावे. उतारावर आडवी चालवू नये. अमेरिकी बनावटीच्या कार्टमध्ये स्टिअरिंग डावीकडे असते. अशा कार्टने डावीकडे झपकन वळण घेतले की उजवीकडे बसलेला माणूस बाहेरच्या अंगाला फेकला जातो. तिथे ना दार असते, ना बहुधा सीटबेल्ट. त्याच्या बाजूचा छोटा कठडा धरून बसणे एवढाच त्याला आधार. मागे तोंड करून बसायच्या सीटवर हा धोका अधिक, कारण तिथला माणूस गाडी निघताक्षणीच पडू शकतो. निघण्याआधी ‘धरून बसा’ म्हणणे हा शिष्टाचार नव्हे, चालवण्याचाच भाग आहे.

बॅटऱ्या सीटखाली असतात. सहा व्होल्टच्या सहा जोडल्या की ३६ व्होल्ट, आठ व्होल्टच्या सहा जोडल्या की ४८. लेड-अॅसिड बॅटरीचा शत्रू म्हणजे अर्धवट उतरलेली अवस्था. दिवसभराच्या वापरानंतर ती रात्री पूर्ण चार्ज करावी, पार उतरेपर्यंत वाट पाहू नये. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालावे. आधी काठोकाठ भरले तर चार्ज होताना आम्ल बाहेर येते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतकेच पाणी आधी घालावे. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ बिडी-सिगारेट नको. लिथियमच्या नव्या बॅटऱ्यांना पाण्याची कटकट नाही, पण किंमत जास्त.

कार्ट हलली नाही तर आधी ‘खट्’ ऐकू येते का ते पाहावे. येत नसेल तर खटका न्यूट्रलमध्ये आहे का, चार्जरची पिन लावलेली राहिली आहे का, हे तपासावे. पिन लावलेली असताना गाडी निघू नये अशी योजना पुष्कळ मॉडेलांत केलेली असते. ‘खट्’ येऊनही गाडी रखडत असेल तर बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचलेली असते. बऱ्याच विजेच्या कार्टमध्ये सीटखाली ‘रन’ आणि ‘टो’ असे लिहिलेले बटण असते. गाडी ओढून न्यायची असेल तर ते ‘टो’वर करावे, नाहीतर मोटर अडवून धरते आणि विजेची यंत्रणा बिघडू शकते.

खुद्द गोल्फच्या मैदानावर यंत्रापेक्षा गवताची चिंता मोठी. चेंडूच्या रेषेत येईपर्यंत कार्ट ठरलेल्या पायवाटेवरूनच न्यायची आणि मग काटकोनात वळून चेंडूपाशी जायचे, अशी पद्धत अनेक क्लबांत आहे. पावसानंतर तीही मुभा काढून घेतात. जिथे चेंडू छिद्रात टाकतात त्या ग्रीनजवळ कार्ट कधीच नेत नाहीत.

भारतातल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून फक्त बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास वाहने वगळली आहेत. पण आवाराचे फाटक ओलांडून सार्वजनिक रस्त्यावर आले की ही सवलत संपते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटीत मात्र कार्टसाठी दीडशे किलोमीटरच्या आसपास स्वतंत्र वाटा आहेत, आणि लोक तिच्यातून किराणा आणायला जातात.

तिथेच, अमेरिकेत, १९५०च्या दशकात कार्टचा कारखानदारी पसारा वाढला आणि क्लबांतून कॅडीचे, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचे, काम कमी होत गेले. व्यावसायिक स्पर्धांत मात्र खेळाडूने चालायचेच असा दंडक राहिला. पायाच्या रक्ताभिसरणाचा विकार असलेल्या केसी मार्टिन या गोल्फपटूने त्याला आव्हान दिले. चालणे हा गोल्फचा गाभा नाही, असे ठरवून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी त्याला स्पर्धेत कार्ट वापरू दिली.