बांधावरची ‘काँग्रेस’

नाशिक जिल्ह्यात निफाड-पिंपळगावकडे कुणी ‘बांधावर काँग्रेस फार माजलीय’ म्हणालं, तर त्याचा निवडणुकीशी काही संबंध नसतो. विषय गाजरगवताचा असतो. कृषी खात्याच्या पत्रकात गाजरगवत, शेतात काँग्रेस आणि काही जुन्या माणसांच्या तोंडी चटकचांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. अशा तणाला चांदणी म्हणावंसं कुणाला वाटलं असेल, देव जाणे.

मूळ मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं हे झाड आपल्याकडे कसं आलं, याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. अमेरिकेचा लाल गहू रेशनवर आला, त्यात हे बी होतं, तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं, म्हणून हे नाव. दुसरे म्हणतात, फुललेलं रान पांढऱ्या टोप्यांच्या सभेसारखं दिसतं, म्हणून. काही जण हीच गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातल्या मिलोला, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीला, चिकटवतात. मिलोवर मात्र हा आळ घेता येत नाही. पुण्यात सापडलेल्या या झाडाची ‘भारतात नवीन’ अशी नोंद आर. एस. राव यांनी 1956 मध्येच केली होती. पीएल-480 या अमेरिकेच्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली भारताचा गव्हाचा करारही 1956 च्या ऑगस्टमधला. म्हणजे त्या गव्हालाही एकट्याला जबाबदार धरणं जरा ओढूनताणूनच होतं. त्याआधी 1951 मध्ये अमेरिकेने 19 कोटी डॉलरचं कर्ज देऊन 20 लाख टनांच्या घरात धान्य देऊ केलं होतं, ते वेळेच्या हिशेबात जास्त बसतं. गहू आलाच, बी त्यातूनच आलं असण्याची शक्यता मोठी. फक्त कोणत्या जहाजातून, हे कुणी पाहिलेलं नाही. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्येही याची पहिली नोंद त्याच सुमाराची, 1955 ची आहे.

पुण्याहून नाशिकला यायला या बियाला कुणाची सोबत लागली नसणार. ट्रकच्या टायरचा चिखल, पाटाचं पाणी, भरावाचा मुरूम, शेणखत, काहीही चालतं. आजही नवा रस्ता झाला की साइडपट्टीवर पहिल्या पावसात हेच उगवतं. सिंहस्थाच्या तोंडावर शहरात इतकी माती इकडची तिकडे होते, तेव्हा तर विचारूच नका. बियाला सुप्तावस्था जवळजवळ नाही, ओल मिळाली की ते रुजतं, आणि ठिबकखालच्या द्राक्षबागेत ओल बाराही महिने असते.

ओळखायचं झालं तर फुलाची वाट पाहू नका. कोवळं रोप जमिनीला चिकटून ताटलीसारखं पसरतं, पानं गाजराच्या पाल्यासारखी खोल कातरलेली, अंगावर बारीक लव. फसगत होते ती याच वयात, गाजराच्या नाहीतर झेंडूच्या वाफ्यात. पान चुरगळून हुंगावं: झेंडूचा उग्र वास आणि गाजराचा ओळखीचा वास दोन्ही लपत नाहीत, इथे त्यातला कुठलाच येत नाही. पुढे मधून कंगोरेदार खोड वर येतं, माणसाच्या छातीपर्यंतही जातं. गाजराचं फूल छत्रीसारखं, हे मात्र सूर्यफुलाच्या कुळातलं. साबुदाण्याएवढं पांढरं बोंड हातात घेऊन नीट पाहिलं तर कडेला पाच इवल्या पाकळ्या दिसतात. वाळल्यावर ते तळहातावर चोळा, पाच काळी बियाणी निघतील. एका बोंडात पाच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण मोठ्या झाडाच्या बिया दहा हजारांच्या पुढे जातात. आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं. (हातमोजे घाला. याच्यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्यामुळे अनेकांच्या अंगाला खाज सुटते, त्वचा सोलवटते. जनावराने खाल्लं तर दूध कडवट होतं.)

कायद्याने आणि किड्याने, दोन्ही वाटांनी याला आवरायचा प्रयत्न झाला. कर्नाटकाने 1975 मध्ये याला उपद्रवी तण जाहीर केलं, पण जाहीरनामा तणाला वाचता येत नाही. मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगा 1984 मध्ये बंगळुरूत सोडला गेला. पुढे तो सूर्यफुलावर दिसला म्हणून ओरड झाली. तपासणीनंतर कळलं की गाजरगवताचे परागकण पडलेली सूर्यफुलाची पानं तो थोडीफार कुरतडतो, त्यावर पोसला मात्र जात नाही. फिकट पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला हा भुंगा पावसाळ्यात पानांची चाळण करतो, पण पाऊस सरला की जमिनीत दडी मारतो. तेवढ्यात झाड पुन्हा पालवतं.

टाकळा जिथे दाट येतो तिथे गाजरगवताला जागा उरत नाही, हा शेतकऱ्यांचा आणि कृषी खात्याचाही अनुभव. तोच टाकळा, ज्याची कोवळी भाजी पावसाळ्यात बाजारात वाट्यांनी मिळते. त्याचं बी पावसाआधी बांधावर फेकायचं, आणि जी काँग्रेस आधीच उगवलीय ती फुलं धरण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटायची. नुसती कापली तर बुडातून पुन्हा फुटते. बिनफुलाची असेल तर खतखड्ड्यात चालते. फूल आलेली खड्ड्यात टाकली, तर पुढल्या वर्षी त्याच शेणखताबरोबर ती शेतात परत येते.