तीव्र स्वादुपिंडदाहातील यकृतविकार

जठरामागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडाला अचानक सूज येणे म्हणजे तीव्र स्वादुपिंडदाह. पित्ताशयातले खडे आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणे. एरवी लहान आतड्यात पोचल्यावर कामाला लागणारे ट्रिप्सिनसारखे पाचकरस ग्रंथीतच जागे होतात आणि तिलाच पचवू लागतात. विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये ही कल्पना मांडली.

या आजारात यकृतालाही दोन वाटांनी इजा होते. पहिली इजा रक्तावाटे : स्वादुपिंडातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन या यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून ते आधी यकृतात जाते. त्यामुळे सुजेतून सुटलेली द्रव्ये प्रथम यकृताला भिडतात. तिथल्या कुप्फर पेशी (यकृतातल्या संरक्षक पेशी) चेतवल्या जातात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ ही दाह वाढवणारी द्रव्ये स्वतःच सोडू लागतात. त्यांनी यकृतपेशी मरतात, शिवाय हा मारा पुढे फुप्फुसांपर्यंत पोचतो. यकृत इथे नुसते मार खात नाही, आग पुढेही नेते; आजार समजून घ्यायचा तर हे ध्यानात हवे. रक्तदाब घसरला की यकृताचा रक्तपुरवठाही तुटतो.

दुसरी इजा अडथळ्याची. पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिच्या तोंडाशी खडा अडकला किंवा सुजेने ती दाबली गेली, की पित्त तुंबते : डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी. पहिल्या ४८ तासांत एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) लिटरमागे १५० युनिटांवर गेले, तर खड्यांचा संशय बळावतो. दारू पिणाऱ्याचे यकृत मात्र आधीच बिघडलेले असू शकते. तिथे आकडे जपून वाचावेत.

यकृतासाठी वेगळे औषध नाही. मूळ आजार शमला की बहुतेकदा तेही सावरते. शिरेतून रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त द्रावण, पुरेशी वेदनाशामके आणि सोसेल तसे लवकर तोंडाने अन्न, हा उपचाराचा गाभा. शिरेतून अशा द्रावणाचा भडिमार मात्र हिताचा नाही, हे २०२२ मधील ‘वॉटरफॉल’ या रुग्णांवरील चाचणीने दाखवले. संसर्ग नसताना प्रतिजैविके देत नाहीत. पित्तनलिकेत खडा अडकून थंडीताप आणि कावीळ झाली, तर २४ तासांत ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिका मोकळी करतात. खड्यांमुळे झालेला आजार सौम्य असेल, तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढणे चांगले, नाहीतर झटका परत येऊ शकतो.

आपल्याकडे वरच्या पोटातले दुखणे ‘पित्त झालंय’ म्हणून घरीच अंगावर काढतात. पाठीपर्यंत जाणारी, पुढे वाकून बसल्यावर थोडी हलकी होणारी सततची कळ आणि उलट्या असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.