हवा कोणाची, आणि कोण कोणाच्या जवळ

निवडणुका लागल्या की वृत्तवाहिन्यांवर एक रंगीत आलेख हमखास झळकतो. अमुक पक्षाचा सोशल मीडियावर इतके लाख वेळा उल्लेख, तमुकचा इतके लाख वेळा. खाली पट्टी, 'हवा कोणाची?' हल्ली हा आलेख ज्योतिषीबुवांच्या कार्यक्रमाला लागूनच दाखवतात, आणि माझ्या मते त्याची जागा तीच आहे.

जर्मनीतलं उदाहरण घ्या. सप्टेंबर २००९ मध्ये तिथे संसदेची निवडणूक झाली. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याआधीची लाखभर ट्वीट तपासली आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष मांडला की, पक्षाचं नाव किती वेळा आलं एवढं मोजलं तरी मतांचं प्रमाण बऱ्यापैकी कळतं. निष्कर्ष गाजला. मग आंद्रेआस युंगहेर हा दुसरा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीच मोजणी पुन्हा केली. फरक एकच: आधी वगळलेली पायरेट पार्टी त्यांनी यादीत घेतली. इंटरनेटवरचं स्वातंत्र्य हा या पक्षाचा मुख्य मुद्दा, त्यामुळे त्याचे पाठीराखे ट्विटरवर पडीक असणारच. उल्लेखांच्या मोजणीत हा पक्ष चक्क पहिला आला. मतपेटीत त्याला २ टक्के मिळाले होते.

म्हणजे सोशल मीडियावरून काहीच कळत नाही का? कळतं, पण आवाज किती मोठा हे न मोजता कोण कोणाशी जोडलंय हे पाहिलं तर. २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी लाडा अडामिक आणि नॅटली ग्लान्स या संशोधकांनी सुमारे दीड हजार राजकीय ब्लॉग घेतले आणि कोणी कोणाला लिंक दिली एवढंच नोंदवलं. ९१ टक्के लिंक आपल्याच बाजूच्या ब्लॉगकडे गेल्या होत्या. ब्लॉगमधला एक शब्दही न वाचता दोन फळ्या समोर आल्या असत्या!

आता खरी गंमत. प्रत्येक ब्लॉग म्हणजे एक ठिपका, प्रत्येक लिंक म्हणजे एक रेषा, असं जाळं काढलं. हजारो ठिपके आणि त्यांच्यातल्या रेषा हातात असताना 'हा एक कंपू, तो दुसरा' हे संगणकाला कसं कळतं? दाट रेषा म्हणजे कंपू, असं वाटेल. पण ते पुरेसं नाही. प्रसिद्ध ब्लॉगला सगळेच लिंक देतात. त्यांना त्याच्या कंपूत टाकलं तर सगळं गाव एकाच कंपूत जाईल. मार्क न्यूमन आणि मिशेल गिरव्हन या भौतिकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये काढलेली युक्ती अशी: प्रत्येक ठिपक्याच्या रेषांची संख्या तीच ठेवायची, पण त्या कोणाला जोडायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. अशा आंधळ्या जोडणीत दोघांमध्ये सरासरी किती रेषा आल्या असत्या? प्रत्यक्षातल्या रेषा त्याहून जितक्या जास्त, तितकी त्यांची जवळीक खरी.

हिशोब करून पाहू. जाळ्यात एकूण ३,००० रेषा आहेत. प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे ६,००० टोकं. एका बड्या ब्लॉगला १०० रेषा, दुसऱ्याला ६०. चिठ्ठ्या टाकल्या तर या दोघांमध्ये येणाऱ्या रेषा: १०० गुणिले ६० भागिले ६,०००, म्हणजे बरोबर १. तेव्हा या दोघांमध्ये खरोखर एक रेषा दिसली तर तिचं वजन १ वजा १, शून्य. ती काहीच सांगत नाही. आता दोन लहान ब्लॉग घ्या, एकाला ६ रेषा, दुसऱ्याला १०. अपेक्षा ०.०१. यांच्यात एक रेषा सापडली तर वजन ०.९९. दोन बडी धेंडं एकमेकांना नमस्कार करतात त्यात बातमी नाही. कोणाच्या खिजगणतीत नसलेले दोघे एकमेकांना ओळखतात, ही बातमी. कंपूच्या आतल्या सगळ्या जोड्यांची अशी वजनं (रेषा नसलेल्या जोड्यांची ऋण वजनं धरून) मिळवायची आणि ही बेरीज सर्वाधिक होईल अशी वाटणी शोधायची. सगळ्या वाटण्या तपासणं अशक्य, म्हणून २००८ मध्ये बेल्जियमच्या लूव्हाँ विद्यापीठातून आलेली पद्धत प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र कंपू मानून सुरुवात करते, बेरीज वाढत असेल तरच त्याला शेजाऱ्याच्या कंपूत ढकलते, मग तयार झालेल्या कंपूंनाच ठिपके मानून तोच खेळ पुन्हा मांडते. ठिपक्यांचा क्रम बदलला तर उत्तर थोडं बदलतं. जाळं फार मोठं असेल तर छोटे कंपू मोठ्यांच्या पोटात जातात. 'संगणकाने शास्त्रशुद्ध गट पाडले' असं कोणी सांगितलं तर या दोन गोष्टी जरूर विचाराव्यात.

अशा पद्धती ज्यावर घासून पाहतात ते जाळं अगदी लहान आहे: अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा कराटे क्लब, ३४ सदस्य. प्रशिक्षक आणि अध्यक्ष यांचं फीवरून बिनसलं आणि क्लब फुटला. मानववंशशास्त्रज्ञ वेन झकरी आधीपासून तिथल्या मैत्रीची नोंद ठेवत होता. कोण कुठे जाईल, हे त्याने नुसत्या जाळ्यावरून काढलं आणि ३३ जण बरोबर आले. चुकलेल्या एकाची मैत्री अध्यक्षांच्या गटाशी होती, पण त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तो प्रशिक्षकाबरोबर गेला. पक्षफुटीच्या वेळी अंदाज कुठे चुकतात, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

राजकारण शोधायला जावं आणि भलतंच हाती लागावं, असंही होतं. २००८ मध्ये हार्वर्डच्या बर्कमन सेंटरसाठी जॉन केली आणि ब्रूस एटलिंग यांनी इराणमधल्या फारसी ब्लॉगांचा नकाशा केला. त्यांच्या अंदाजाने नियमित लिहिले जाणारे ब्लॉग ६०,०००. नकाशात घेतले सुमारे ६,०००. तरुण बंडखोर लोकशाहीवादी, ही बाहेरच्या जगाची ठरलेली समजूत. ते होतेच. पण धार्मिक आणि सनातनी ब्लॉगरांचाही भरघोस कंपू निघाला, आणि एक मोठा भाग निव्वळ कवितेचा. कंपू संगणकाने पाडले तरी त्यांची नावं ठरवायला फारसी जाणणाऱ्या माणसांनी बसून शेकडो ब्लॉग वाचले. हे काम टाळता येत नाही, आणि जाहिरातीत ते कधी दिसत नाही.

रेषा कशाची काढली, यावरही सगळं अवलंबून असतं. २०१० च्या अमेरिकी मध्यावधी (म्हणजे अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या) निवडणुकांआधीच्या ट्वीटचा इंडियाना विद्यापीठात अभ्यास झाला. कोण कोणाचं रीट्वीट करतं याचं जाळं काढलं, तर डावे-उजवे स्पष्ट दोन तुकडे. त्याच काळातलं कोण कोणाचं नाव घेऊन बोलतं याचं जाळं काढलं, तर सगळे एकमेकांत मिसळलेले. 'लोक आपापल्या कोशात बंद आहेत, दुसरी बाजू ऐकतच नाहीत' हे आपण फार सहज म्हणतो. इथे तर ते ऐकत होते, उत्तरं देत होते, डिवचत होते. फक्त दुसऱ्या बाजूचं म्हणणं रीट्वीट करून पुढे पाठवत नव्हते.

आपल्याकडे अडचण निराळी. इथलं बरंचसं राजकारण व्हॉट्सॲपवर चालतं, आणि तिथल्या रेषा बाहेरून दिसत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांचा जमावाने जीव घेतला. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. जाळ्याच्या भाषेत प्रत्येक ठिपक्यातून एका वेळी निघणाऱ्या रेषा पाचावर आणल्या. पण फॅमिली ग्रुपमधून गावच्या ग्रुपमध्ये, तिथून तालुक्याच्या ग्रुपमध्ये एखादी अफवा कशी गेली, हे बाहेरच्या अभ्यासकाला दिसत नाही. त्याच्या हाती लागतात ते फक्त निमंत्रणाची लिंक उघड्यावर टाकलेले ग्रुप. आणि फॅमिली ग्रुपची लिंक उघड्यावर कोण टाकतं?