होख, पीटर दे

(बाप्तिस्मा २० डिसेंबर १६२९ – १६७९ नंतर). डच चित्रकार. डेल्फ्टमधील घरांची परसदारे, विटांच्या फरसबंदीची अंगणे आणि रस्त्याकडे उघडणारे बोळ यांच्या तैलचित्रांसाठी प्रसिद्ध. जन्म रॉटरडॅम येथे, गवंड्याच्या घरी. विटांच्या सांध्यांवरची त्याची बारीक नजर तिथूनच आली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. हार्लेममध्ये तो निकोलास बेर्केमकडे शिकला, असे चरित्रकार हौब्राकेन सांगतो. मात्र सैनिक आणि खानावळींच्या त्याच्या आरंभीच्या चित्रांत गुरूची छाप फारशी दिसत नाही. १६५५ मध्ये तो डेल्फ्टच्या चित्रकार-संघात दाखल झाला.

अंगणांची उत्तम चित्रे साधारण १६५८ ते १६६० या काळातली. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील *डेल्फ्टमधील घराचे अंगण* या चित्रावर १६५८ हे साल आहे. मुलीचा हात धरून बाई अंगणात उतरते आहे. डावीकडच्या कमानीखालच्या बोळात दुसरी स्त्री पाठमोरी उभी आहे. कमानीवर वेलीने अर्धवट झाकलेला शिलालेख दिसतो. ही शिळा काल्पनिक नाही. ती संत हिअरोनिमसच्या मठाशी संबंधित असून तिच्यावर १६१४ हे साल आहे, आणि ती डेल्फ्टमध्ये एका घरामागच्या बागेच्या भिंतीत आजही आहे. तिच्यावरील मजकुराचा आशय असा : धीर आणि सहनशीलता हवी असेल तर इथे या, कारण वर चढायचे तर आधी खाली उतरावे लागते. पण हीच कमान होखने त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका चित्रातही वापरली, आणि तिथे भोवतालच्या भिंती वेगळ्या आहेत. म्हणजे शिळा खरी असली तरी अंगण जुळवलेले आहे. त्यामुळे या चित्रांवरून डेल्फ्टचा नकाशा काढू पाहणे धोक्याचे.

डेल्फ्टमधलाच समकालीन चित्रकार व्हर्मीर आणि होख यांपैकी कोणी कोणाकडून घेतले, हा जुना वाद. व्हर्मीरच्या *छोटा रस्ता* या चित्रावर साल नाही, होखच्या अंगणांवर ते आहे. अवकाशाच्या मांडणीत होख पुढे होता, हे मत अधिक पटते.

१६६०–६१ च्या सुमारास तो ॲम्स्टरडॅमला गेला. तेथील चित्रांत संगमरवरी फरशीची श्रीमंत दालने येतात, रंग गडद होतात. १६८४ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला, असे पूर्वी छापले जाई. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ती नोंद त्याच्याच नावाच्या मुलाची आहे.