दोरी कुठे तुटली ते आधी बघा

फिशिंगच्या दुकानात गेलं की आपण पहिला हात घालतो तो रॉडला, मग रील, त्यात बॉल बेअरिंग किती, आणि बजेट तिथंच संपतं, मग दोरी, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), लीडर (गळाजवळचा दोरीचा वेगळा तुकडा) वगैरे जे स्वस्तात मिळेल ते. माझं म्हणणं अगदी उलटं आहे. खरेदी माशाच्या तोंडापासून सुरू करा आणि तिथून मागे हाताकडे या, कारण मासा सुटतो तो बऱ्याचदा शेवटच्या दोन फुटांत.

युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत, नद्यांत पाईक नावाचा शिकारी मासा असतो, खालच्या जबड्यात सुळे आणि टाळूवर आत वळलेल्या बारीक दातांच्या रांगा, एकदा भक्ष्य आत गेलं की मागे येत नाही. तिकडचे अनुभवी लोक निदान दीड फूट तारेचा ट्रेस, म्हणजे गळाच्या आधीचा तारेचा तुकडा, लावल्याशिवाय पाईक गरवत नाहीत. आपल्याकडे पाईक नाही पण दातांचा प्रश्न तोच आहे, मुंबईच्या समुद्रात सुरमई, बॅराकुडा, बाला आणि खाडीच्या तोंडाशी वाम.

दोरी तुटली की लगेच नवीन गळ बांधायला घेऊ नका, तुटलेलं टोक बोटांत धरून उजेडात बघा. टोक ब्लेडने कापल्यासारखं साफ असेल तर दात लागलाय. आसपासची इंचभर दोरी खरखरीत, पांढुरकी झाली असेल तर ती खडकावर घासलीय, वांद्र्याच्या बॅंडस्टँडच्या खडकांवर कालवं असतात ना, त्यांच्या कडा काही कमी धारदार नसतात. आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलं असेल तर दोरीचा दोष नाही, गाठ सुटलीय. तीन टोकं, तीन वेगळे उपाय, आणि यातला एकही महागडा रॉड घेऊन सुटत नाही.

दाताचं घ्या. ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी पॉलिथिलीनच्या अतिशय बारीक धाग्यांची असते, त्यातले लांबलचक रेणू सगळे एकाच दिशेने ओढून बसवलेले, त्यामुळे लांबीच्या दिशेने ती जबरदस्त ताकदवान पण आडव्या धारेपुढे एकेक धागा कापला जातो, आणि दोरी ताणलेली असेल तर अजूनच पटकन. म्हणून पाकिटावर पन्नास पौंड ताकद लिहिलीय याचा सुरमईच्या दाताशी काही संबंध नाही. फ्लुरोकार्बनचा लीडर पाण्यात कमी दिसतो हे बरोबर आहे, अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) पाण्याच्या जितका जवळ तितकी दोरी कमी दिसते, त्याचा साधारण 1.42, पाण्याचा 1.33, नायलॉनचा 1.53च्या आसपास, पण कमी दिसणं म्हणजे न कापलं जाणं नव्हे. दाताला तारच लागते. सात पदरी तार जरा ताठ असते, एकोणपन्नास पदरी मऊ, लुअर (खोटं आमिष) चांगली हलते. घासणं टाळायला ब्रेडेड दोरीच्या पुढे जाड तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) लावा.

दोरी तुटली म्हणजे मासा मोकळा झाला असंही नाही हां, तो तोंडात गळ घेऊन फिरतो, खाता येत नाही, कधी मरतो. तारेचे थोडे पैसे वाचवून त्याला हे भोगायला लावणं मला अजिबात पटत नाही.

गाठीचं म्हणाल तर पॉलिथिलीन निसरडं असतं आणि 150 अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होते. थुंकीने ओली करा, हळू आवळा, वेढे जास्त घ्या.

आता ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की दोरी सोडणारा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे वीस पौंडाच्या दोरीला पाच-सहा पौंड, अंदाजाने नको, सामान मोजायच्या हँगिंग काट्याला दोरी अडकवून मोजा. पण मासा पळत सुटला की स्पूलवरची (रीलच्या चकरीवरची) दोरी कमी होते, गुंडाळीची त्रिज्या घटते, आणि ब्रेकची पकड तेवढीच राहिली तरी दोरीवरचा ताण वाढत जातो, त्रिज्या निम्मी झाली तर सहाचे बारा पौंड होतात. त्यात पाण्यातून फरफटणाऱ्या दोरीचा विरोध वेगळाच. म्हणून लांब पळणाऱ्या माशाला ड्रॅग घट्ट करत बसू नका, थोडा सैलच करा.

स्विव्हल, रिंगा स्टेनलेसच्या असल्या तरी खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्यांना बारीक खड्डे पाडतं, 316 ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून तो जास्त टिकतो. घरी आल्यावर रील नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, जोरात पाणी मारलं तर मीठ आत जातं, आणि सुकवून ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.