वाय-फाय पासवर्डची पुनर्प्राप्ती

बिनतारी जाळ्याचा विस्मरणात गेलेला पासवर्ड, तो पूर्वी ज्या संगणकात जतन झाला होता त्याच संगणकातून पुन्हा वाचून घेण्याच्या क्रियेला वाय-फाय पासवर्डची पुनर्प्राप्ती म्हणतात. घरात नवा फोन किंवा प्रिंटर आला की तिची गरज भासते. जुना लॅपटॉप जाळ्याला आपोआप जोडला जात असतो, पण राउटर बसवताना ठरवलेला पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. पासवर्ड फोडणे आणि पुनर्प्राप्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत अनोळखी जाळ्याच्या पासवर्डचा अंदाज बांधत जावे लागते, तर दुसरीत संगणकाकडे असलेली माहिती त्याच्या मालकाला दाखवली जाते.

ही माहिती संगणकाकडे का असावी लागते, हे समजले की बाकीचा विषय सोपा होतो. संकेतस्थळाला वापरकर्त्याचा पासवर्ड केवळ पडताळायचा असतो, त्यामुळे मूळ पासवर्ड न ठेवता त्यावरून काढलेले, उलट न फिरवता येणारे मूल्य साठवले तरी त्याचे काम भागते. वाय-फायला जोडणाऱ्या संगणकाला मात्र दर वेळी राउटरसमोर आपल्याला गुपित ठाऊक असल्याचे सिद्ध करावे लागते. घरगुती डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षा पद्धतीत ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड आणि जाळ्याचे नाव यांवर ४,०९६ आवर्तनांची गणिती प्रक्रिया होऊन २५६ बिटांची किल्ली तयार होते. हीच किल्ली राउटरकडेही असते, आणि ती हवेतून न पाठवता चार संदेशांच्या देवाणघेवाणीतून दोन्ही बाजू परस्परांची खात्री करून घेतात. म्हणून पासवर्ड किंवा ही किल्ली संगणकाला वापरता येईल अशा रूपात जपून ठेवावीच लागते. विंडोज एक्सपीमध्ये पासवर्डऐवजी किल्लीच साठवली जाई. अशा संगणकातून ६४ षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ) अंक हाती येतात. त्याच नावाच्या जाळ्याला ते चालतात, मात्र त्यांवरून मूळ शब्द थेट काढता येत नाहीत.

विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक जाळ्याची माहिती एका एक्सएमएल फाइलमध्ये राहते आणि तिच्यातील पासवर्ड डेटा प्रोटेक्शन एपीआय या यंत्रणेने सांकेतिक केलेला असतो. त्यामुळे ती फाइल नुसती उचलून दुसऱ्या संगणकावर नेल्यास पासवर्ड उलगडत नाही. त्याच संगणकावर प्रशासकाचे अधिकार असलेल्या वापरकर्त्याने कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, नेटश ही आज्ञा डब्ल्यूलॅन (बिनतारी जाळे) विभागासाठी दिली, जतन झालेल्या जाळ्यांची यादी पाहून हवे ते नाव निवडले आणि किल्ली उघड दाखवण्याचा पर्याय जोडला, की सुरक्षेच्या माहितीखाली ‘की कंटेंट’ या शीर्षकासमोर पासवर्ड दिसतो. मॅकमध्ये पासवर्ड कीचेन या पासवर्ड जपणाऱ्या सोयीत असतो. तो पाहताना संगणक ओळख पटवायला सांगतो. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर ही प्रणाली वापरात असेल, तर पासवर्ड सामान्यतः साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतो आणि ती वाचण्याची परवानगी फक्त रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्याला असते. हे ऐकून धक्का बसतो, पण तिन्ही प्रणालींतले खरे संरक्षण प्रशासकाच्या अधिकाराचेच आहे. तो अधिकार ज्याच्या हाती, त्याच्यापासून पासवर्ड लपून राहत नाही.

यातून निघणारा परिणाम व्यवहारात फारसा लक्षात घेतला जात नाही. दुकानात, वर्गात किंवा कार्यालयात ज्या ज्या लॅपटॉपवर सामाईक पासवर्ड टाकला गेला, त्या प्रत्येकाचा प्रशासक तो पुढे केव्हाही वाचू शकतो. जुना संगणक विकण्यापूर्वी डिस्क पुसणे आणि काम सोडून गेलेल्या व्यक्तीकडे पासवर्ड राहिला असल्यास तो बदलणे, हे म्हणूनच आवश्यक ठरते. मोठ्या संस्थांनी सामाईक पासवर्डऐवजी ८०२.१एक्स या मानकानुसार प्रत्येकाला स्वतंत्र खाते देणे अधिक सुरक्षित आहे. विद्यापीठांमधील एज्युरोम ही वाय-फाय सेवा हे याचे परिचित उदाहरण. तिथे पुनर्प्राप्त करण्याजोगा सामाईक पासवर्डच नसतो. दुसऱ्याच्या संगणकातून किंवा जाळ्यातून परवानगीशिवाय माहिती काढणे हे भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ च्या कक्षेत येते, आणि ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पासवर्ड जतन असलेला एकही संगणक हाताशी नसेल, तर फोन पाहावा. अँड्रॉइड १० पासून जतन जाळ्याचा क्यूआर कोड दाखवता येतो आणि आयओएस १६ पासून आयफोनच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड वाचता येतो. राउटर केबलने जोडून त्याच्या व्यवस्थापन पानावरही तो मिळू शकतो, मात्र त्या पानाचा स्वतंत्र पासवर्ड ठाऊक असावा लागतो. राउटरचे रीसेट बटण दाबून ठेवणे हा अखेरचा उपाय होय. त्याने राउटर मूळ स्थितीला येतो आणि त्यावरील लेबलवर छापलेला पासवर्ड पुन्हा लागू होतो. पण इंटरनेट पुरवठादाराने भरलेली जोडणीची माहितीही अनेकदा पुसली जाते, म्हणून ती आधी लिहून घ्यावी.